विभागातल्या अबोल्यावर लेखी तक्रार करण्याआधी हे वाचा

तुम्ही लिहिलंय की विभागातले दोन ज्येष्ठ प्राध्यापक दीड वर्ष एकमेकांशी बोलत नाहीत, बैठकीत एकाने तोंड उघडलं की दुसरे कागद आवरून उठतात, आणि नव्या विभागप्रमुख म्हणून आता सगळं रीतसर लेखी वर कळवावं का, असा प्रश्न तुम्हाला पडलाय. मीही एकदा इथेच उभी होते, म्हणून जरा लांबण लावते. संयम ठेवा, नोंदी ठेवा हे तुम्हाला ठाऊक असणारच.

माझ्या नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा बैठकीत आला तेव्हा एक सहकारी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हे शिकवण्यापेक्षा तास मोकळा सोडा." मी गप्प बसले. त्यांच्या खोलीत गेले नाही. तीन आठवडे मनात घोळवत राहिले आणि मग चार पानी तक्रार लिहिली. त्यात ते एक वाक्य होतंच, शिवाय वेळापत्रक, प्रयोगशाळेच्या किल्ल्या, जुना परीक्षक-नेमणुकीचा वाद असं पाच वर्षांचं सगळं ओतलं. साक्षीदार म्हणून दोन विद्यार्थ्यांची नावंही दिली. ती नावं देणं ही माझी सगळ्यात मोठी चूक.

ज्या तक्रार निवारण कक्षात तक्रार दिली, तिथे "गोपनीय राहील" असं सांगितलं होतं. आठवड्याभरात माझी चारही पानं, नावांसकट, खुलासा मागणाऱ्या पत्राला जोडून सरांच्या हातात! त्यांचं उत्तर नऊ पानी आलं. पुढे अकरा महिने सुनावणी नाही, मध्यस्थी नाही. विचारायला गेलं की "प्रक्रिया सुरू आहे". त्या दोन विद्यार्थ्यांपैकी एक मुलगी सरांकडेच पीएचडी करत होती. तिला मार्गदर्शक बदलावा लागला, एक वर्ष वाया गेलं. मी तिची माफी मागितली, पण तिचं वर्ष काही परत आलं नाही.

नंतर अँडरसन आणि पिअरसन या दोन संशोधकांचा 1999 चा लेख वाचनात आला. कामाच्या ठिकाणचा उद्धटपणा किरकोळ असतो, त्यामागे दुखावण्याचा हेतू होता की नाही हे धूसर असतं, आणि उलट उत्तराला उलट उत्तर असं करत तो चढत जातो, अशी त्यांची मांडणी आहे. सरांच्या त्या वाक्यामागचा हेतू मला आजही माहीत नाही. दुसऱ्याच दिवशी दार ठोठावून "तुमचं कालचं बोलणं मला लागलं" एवढंच म्हणायला हवं होतं.

म्हणून माझं मत: आधी दोघांना वेगवेगळं भेटा, त्यांच्या खोलीत जाऊन. एका भेटीत एकच प्रसंग काढा. आणि कोणाकडे किती तास, किती शोधनिबंध विद्यार्थी, कोणती समिती, याचा तक्ता सगळ्यांना दिसेल असा लावा. मी पाहिलेली निम्मी भांडणं स्वभावाची वाटायची, पण मुळाशी कामाची वाटणी असायची.

जाता जाता: इतिवृत्तात फक्त निर्णय लिहा, कोण काय म्हणालं ते नको. बोचऱ्या ईमेलला "सगळ्यांना उत्तर" कधीच नको.

"सहकार्य" हा मूल्यमापनाचा वेगळा निकष करा असं कोणी सुचवेल, त्याला माझा ठाम विरोध आहे. अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेनेही 1999 मध्येच तसं करू नये असं निवेदन काढलं होतं, कारण मतभेद दाबायला तो निकष सोयीचा पडतो. तुमच्या त्या दोघांना कडाडून वाद घालू द्यात. फक्त तो मुद्द्यावर हवा, माणसावर नको.

मी कायद्याची जाणकार नाही. लैंगिक छळ, धमकी, जात किंवा धर्मावरून अपमान असं काही असेल तर माझा वरचा सल्ला बाजूला ठेवा. तिथे एकटीने खोलीत जाऊ नका, लगेच लेखी द्या. मात्र देण्याआधी कक्षाला तीन गोष्टी विचारा: हे कोण वाचणार, समोरच्याला जसंच्या तसं देणार का, साक्षीदारांची नावं कशी ठेवणार. उत्तरं लेखी घ्या.

दोघांना भेटून झालं की इथे कळवा. पुढच्या बैठकीची विषयपत्रिका लावायला मी मदत करीन.