वाचकांचे प्रश्न : ट्रेलर, जनरेटर आणि अर्थिंगची तार

प्रश्न (डेन्व्हर, कोलोराडो येथील वाचक) : मा. संपादक, सप्रेम नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही २२ फुटांचा कॅम्पिंग ट्रेलर घेतला. त्याची वीजजोडणी ३० अँपियरची आहे. यंदा हुकअप (तळावरची वीज-पाण्याची जोडणी) नसलेल्या ठिकाणी डोंगरात राहायचे म्हणून २,२०० वॉटचा, पेट्रोलवर चालणारा छोटा इन्व्हर्टर जनरेटर आणला. पण ट्रेलरचा प्लग जनरेटरच्या सॉकेटात बसत नाही. तो कापून साधा १५ अँपियरचा प्लग बसवावा, असा विचार आहे. गावी असताना घरची वायरिंग मी स्वतः करीत असे, त्यामुळे काळी तार न्यूट्रलला, पांढरी फेजला आणि हिरवी अर्थिंगला जोडणे अवघड वाटत नाही. मित्राकडून तात्पुरता अडॅप्टर आणून एकदा जोडून पाहिले, तेव्हा ट्रेलरच्या सर्ज प्रोटेक्टरवर (विजेतील दोष तपासून मगच ती आत सोडणाऱ्या उपकरणावर) ‘ओपन ग्राउंड’, म्हणजे अर्थिंग तुटलेले, असा दोष दिसला आणि वीज आत गेलीच नाही. त्यासाठी जनरेटरजवळ जमिनीत अर्थिंगची सळई ठोकावी काय? आणि या जनरेटरवर छतावरचा एसी चालेल काय?

उत्तर : आपण प्लग कापण्याआधी विचारलेत याचे मला मनापासून समाधान वाटते, कारण आपल्या पत्रातील सर्वांत धोक्याचे वाक्य तारांच्या रंगांविषयीचे आहे. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची असते, आणि ज्याने तरुणपणी महाराष्ट्रात बोर्ड जोडले आहेत त्याच्या हाताला काळी म्हणजे न्यूट्रल हे इतके सवयीचे झालेले असते की तो क्षणभरही थांबत नाही. अमेरिकेत मात्र काळी तार फेजची असते आणि पांढरी न्यूट्रलची. आपण लिहिल्याप्रमाणे जोडणी केली असती, तर दिवे लागले असते, फ्रिज चालला असता, मोबाइल चार्ज झाला असता. काही चुकले आहे असे कोणालाही वाटले नसते. परंतु ट्रेलरच्या पॅनेलमधील ब्रेकर फक्त काळी तार तोडतात. तारा उलट झाल्या की ब्रेकर बंद केल्यावर न्यूट्रल तुटते आणि उपकरणात फेज तशीच उभी राहते. ब्रेकर बंद आहे म्हणून एखाद्याने निर्धास्तपणे पाना घेऊन आत हात घातला, तर काय होईल हे आपल्याला सांगायला नको. याच विषयावर मला भेटलेल्या आपल्या मंडळींपैकी ही चूक करणारे अडाणी नव्हते, उलट चांगले हात असलेले होते. म्हणून हे एवढे आवर्जून लिहितो.

प्लग कापूच नका. ट्रेलरच्या तीन पिनांच्या प्लगला टीटी-३० म्हणतात; तो १२० व्होल्टचा आणि ३० अँपियरचा, म्हणजे ३,६०० वॉटपर्यंतचा आहे. एका टोकाला १५ अँपियरचा साधा प्लग आणि दुसऱ्या टोकाला टीटी-३० सॉकेट असा तयार अडॅप्टर बाजारात मिळतो, मित्राचा परत केल्यावर तसाच आपला स्वतःचा घ्यावा. अडॅप्टरने आकार जुळतो, ताकद वाढत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे. जाता जाता आणखी एक सांगतो : घरी गॅरेजमध्ये ट्रेलरसाठी टीटी-३० सॉकेट बसवून घेणार असाल, तर इलेक्ट्रिशियनला ‘१२० व्होल्ट’ हे स्पष्ट शब्दांत सांगा. कपडे वाळवण्याच्या यंत्राचे जुने तीन पिनांचे सॉकेट दिसायला बरेचसे असेच असते, पण ते २४० व्होल्टचे असते, आणि त्या सवयीने जोडलेल्या सॉकेटामुळे ट्रेलरमधील कन्व्हर्टर (१२० व्होल्टवरून बॅटरी चार्ज करणारे उपकरण), मायक्रोवेव्ह आणि टीव्ही एका क्षणात जळाल्याची उदाहरणे आहेत.

आता अर्थिंगचा प्रश्न. खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून, त्यात पट्टी पुरायची आणि वर पाणी घालत राहायचे, हे आपण लहानपणापासून पाहिलेले असते. त्यामुळे अर्थिंग म्हणजे माती, असे समीकरण मनात पक्के बसते. पण बिघाड झाल्यावर विजेला मातीत जायचे नसते; ती जिथून निघाली त्या उगमाकडे, म्हणजे जनरेटरच्या आतील तारेच्या वेटोळ्यांकडे, तिला परत जायचे असते. ट्रेलरच्या पत्र्याला चुकून फेज लागली, तर हिरव्या तारेतून ती जनरेटरपर्यंत येते. तिथे हिरवी तार आणि न्यूट्रल एकमेकींना जोडलेल्या असतील तर वाट पूर्ण होते, एकदम मोठा करंट वाहतो आणि ब्रेकर पडतो. जोडलेल्या नसतील तर वाट अर्धवट राहते. बहुतेक छोट्या इन्व्हर्टर जनरेटरांत ही जोडणी कारखान्यात केलेली नसते. न्यूट्रल सुटी, तरंगती असते. आपला सर्ज प्रोटेक्टर नेमके हेच सांगत आहे. तो बिघडलेला नाही, म्हणून त्याला वगळून थेट जोडणी करू नका.

सळई ठोकून हे का साधत नाही, ते एका हिशेबावरून कळेल. सळई आणि माती यांच्यामधील रोध चांगल्या जमिनीतही सहज २५ ओहम असू शकतो. १२० व्होल्टला २५ ने भागले तर करंट येतो ४.८ अँपियर. एवढ्याने १५ अँपियरचा ब्रेकर ढिम्म हलणार नाही आणि पत्रा जिवंत राहील. शिवाय न्यूट्रल सुटी असताना मातीतून परतीची वाटच नाही, त्यामुळे ती सळई तिथे नुसती उभी राहील आणि सर्ज प्रोटेक्टरचा दोषही जाणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत नियमावलीतही, ज्या उचलून नेता येणाऱ्या जनरेटरवरून त्याच्याच सॉकेटांमधून प्लगने वीज घेतली जाते आणि ज्याची सॉकेटांची अर्थिंग सांगाड्याला जोडलेली असते, त्याच्या सांगाड्याला जमिनीत सळई घालण्याची सक्ती नाही.

म्हणून आधी आपल्या जनरेटरची परीक्षा करा. तो बंद असताना मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोके आतून जोडलेली असली की वाजणाऱ्या खुणेवर) ठेवा. एक टोक सॉकेटाच्या गोल भोकात, म्हणजे अर्थिंगला, आणि दुसरे दोन उभ्या फटींपैकी लांब फटीत, म्हणजे न्यूट्रलला, लावा. मीटर वाजला तर जोडणी आहे, आणि मग दोष अडॅप्टरमध्ये किंवा वायरीत शोधावा लागेल. वाजला नाही तर न्यूट्रल सुटी आहे. अशा जनरेटरवर चालू स्थितीत आखूड फट आणि गोल भोक यांच्यामध्ये मोजले तर १२० ऐवजी साधारण ६० व्होल्ट दिसतात, तेव्हा गोंधळून जाऊ नका; सुट्या न्यूट्रलचीच ती खूण आहे.

यावरचा उपाय अगदी लहान आहे. १५ अँपियरच्या प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग या दोन पिना आतून एका तारेने जोडलेल्या आणि फेजची पिन मोकळी, असा ‘न्यूट्रल-ग्राउंड बाँडिंग प्लग’ तयार मिळतो. तो जनरेटरच्या दुसऱ्या रिकाम्या सॉकेटात घातला की दोन्ही सॉकेटांची न्यूट्रल एकच असल्यामुळे ट्रेलरलाही जोडणी मिळते आणि सर्ज प्रोटेक्टर वीज आत सोडतो. जनरेटरच्या माहितीपुस्तिकेत न्यूट्रल सुटी असल्याचे पाहून मगच तो वापरावा. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘फक्त जनरेटरसाठी’ अशी चिठ्ठी चिकटवा आणि तो जनरेटरच्याच पिशवीत ठेवा. घराच्या भिंतीतील सॉकेटात किंवा कॅम्पग्राउंडच्या वीजजोडणीच्या खांबावर तो कधीही घालायचा नाही, कारण तिथे न्यूट्रल आणि अर्थिंग मुख्य पॅनेलमध्ये आधीच एकत्र आलेल्या असतात; पुन्हा एकदा जोडल्या की न्यूट्रलचा करंट अर्थिंगच्या तारेतून वाहू लागतो.

त्याच कारणासाठी, ‘ट्रेलरच्या पॅनेलमध्येच पांढरी आणि हिरवी तार जोडून टाका, कायमची कटकट मिटेल’ असा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नका. ट्रेलर रबरी टायरांवर उभा असतो. अशी जोडणी करून आपण कॅम्पग्राउंडच्या विजेवर गेलात आणि तिथली न्यूट्रल सैल निघाली, तर आतल्या सगळ्या उपकरणांचा करंट ट्रेलरच्या सांगाड्यातून परत जाऊ पाहील. सकाळी दव पडलेल्या गवतावर अनवाणी उभे राहून दाराची कडी धरणारे मूल तेव्हा त्या वाटेत येते. न्यूट्रल आणि अर्थिंग यांनी एकदाच आणि उगमापाशीच भेटायचे, हा नियम ट्रेलरच्या बाबतीत मोडू नये.

एसीविषयी आपली थोडी निराशा होईल. २,२०० हा आकडा क्षणिक जोराचा आहे. सतत मिळणारी शक्ती अशा जनरेटरात साधारण १,८०० वॉट, म्हणजे १५ अँपियर असते. त्यात उंची वाढते तशी हवा विरळ होते आणि दर १,००० फुटांमागे सुमारे साडेतीन टक्के शक्ती घटते. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे आपल्या अंगणातच हाती राहतात साधारण १,४६५ वॉट. ९,००० फुटांवरच्या तळावर १,२३० च्या आसपास, म्हणजे जेमतेम १० अँपियर. १३,५०० बीटीयूचा छतावरचा एसी सुरू झाल्यावर १२ ते १५ अँपियर घेतो आणि सुरू होतानाचा झटका त्याच्या कितीतरी पट असतो. सॉफ्ट स्टार्टर (एसीची मोटर हळूहळू सुरू करणारे उपकरण) बसवून तो झटका बराच कमी करता येतो, पण चालू भार कमी होत नाही. त्यामुळे डोंगरात एसीचा नाद सोडावा, किंवा त्याच जातीचा दुसरा जनरेटर घेऊन दोन्ही पॅरलल किटने (दोघांची शक्ती एकत्र करणाऱ्या जोडणीने) जोडावेत. बाँडिंग प्लग तेव्हाही एकच पुरतो. ९,००० फुटांवर रात्री एसीपेक्षा जाड रजईच जास्त कामाला येते, असा माझा अनुभव आहे.

बाकी भारांचे गणित सोपे आहे. पाणी तापवण्याचा विजेचा एलिमेंट एकटाच सुमारे १,४०० वॉट खातो, म्हणून पाणी आणि फ्रिज गॅसवर ठेवा. बॅटरी उतरलेली असेल तर कन्व्हर्टरही सुरुवातीला बराच भार घेतो. जनरेटरवरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटातून बॅटरी चार्ज करण्याच्या फंदात पडू नका. कन्व्हर्टर ते काम अधिक लवकर आणि नीट करतो.

जोडताना ट्रेलरचा मुख्य ब्रेकर बंद ठेवावा, इको स्विच (भार कमी असताना इंजिनचा वेग उतरवणारा) बंद ठेवून जनरेटर सुरू करावा, दोन-तीन मिनिटे तापू द्यावा, मग केबल जोडून मुख्य ब्रेकर चढवावा आणि उपकरणे एकेक करून लावावीत. अंतर वाढवायचे झाल्यास घरातली बारीक एक्स्टेन्शन कॉर्ड घेऊ नका. १६ गेजच्या ५० फुटी कॉर्डमध्ये १५ अँपियरला सुमारे ६ व्होल्ट कॉर्डमध्येच जिरतात आणि त्यांची उष्णता होते. गुंडाळी तशीच ठेवली तर वरचे रबर मऊ पडलेले मी हाताने चाचपून पाहिले आहे. १० गेजच्या कॉर्डमध्ये तीच घट दीड व्होल्टची असते.

प्रश्न (पुणे येथील वाचक) : आम्ही जुन्या मिनीबसची कॅराव्हॅन करून घेतली आहे. आत २३० व्होल्टची वायरिंग असून ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे. छोटा जनरेटर लावल्यावर आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबले की तो व्यवस्थित पडतो. म्हणजे सर्व सुरक्षित आहे, असे मानावे काय?

उत्तर : मानू नये. टेस्ट बटण आरसीसीबीच्या आतच फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये एक छोटा रोध जोडते, त्यामुळे जनरेटरची न्यूट्रल सुटी असली तरी तो पडणारच. प्रत्यक्षात पत्र्याला फेज लागली तर परतीची वाट नसल्याने तो पडणार नाही. वरील उत्तरातील तत्त्व आपल्यालाही लागू आहे, मात्र त्यातील अमेरिकन प्लग नाही. न्यूट्रल आणि अर्थिंग यांची भेट जनरेटरपाशी, आरसीसीबीच्या अलीकडे व्हायला हवी आणि कॅराव्हॅनचा सांगाडा अर्थिंगच्या तारेला पक्का जोडलेला हवा. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या आणि त्याला फेज-अर्थ अशी प्रत्यक्ष चाचणी घेऊन दाखवायला सांगा.

प्रश्न (न्यू जर्सी येथील वाचक) : पाऊस आला की जनरेटर ट्रेलरच्या ऑनिंगखाली (दाराबाहेरच्या कापडी छताखाली) ओढून घेतला तर चालेल काय? आजूबाजूच्यांना आवाजाचाही त्रास होऊ नये असे वाटते.

उत्तर : ऑनिंगखाली एक मिनिटही नको. जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि ऑनिंगखाली साचलेला तो खिडकीच्या फटीतून, फरशीतील पाइपांच्या भोकांतून आत शिरतो. आतल्या माणसाला नुसते डोके दुखल्यासारखे, झोप आल्यासारखे वाटते आणि तो आडवा होतो. जनरेटर ट्रेलरपासून किमान २० फुटांवर, धुराचे तोंड ट्रेलरच्या आणि शेजाऱ्यांच्या तंबूच्या विरुद्ध दिशेला करून ठेवा. ट्रेलरची केबल बहुधा २५ ते ३० फुटांची असते, तेवढी पुरते. पावसासाठी जनरेटरवर बसणारे, चारही बाजूंनी उघडे असे छोटे छत्र मिळते. ते नसेल तर पाऊस थांबेपर्यंत जनरेटर बंद ठेवावा.

आवाजाबाबत, अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत ५० फुटांवर ६० डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारे यंत्र चालवता येत नाही आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात शांतता पाळावी लागते. बहुतेक तळांवर जनरेटरच्या वेळा त्याहूनही कमी असतात, त्या फलकावर पाहून घ्याव्यात. राष्ट्रीय वनांत जाणार असाल तर सायलेन्सरवर ठिणगीरोधक जाळी हवी.

निघण्यापूर्वी ट्रेलरमधील कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म भिंतीवरून काढून त्याच्या पाठीवरची तारीख वाचा. हे अलार्म बनावटीनुसार ५ ते १० वर्षांत निकामी होतात, आणि मुदत संपलेल्या अलार्मचा हिरवा दिवा लागलेला असू शकतो. आपला ट्रेलर जुना घेतलेला असेल तर तारीख न पाहताच नवा बसवावा.