उम्मे सलमा: "लोकांत मीही आलेच"

प्रश्न असा आहे की प्रेषित मुहंमदांच्या (स.) पत्नी उम्मे सलमा कोण होत्या, त्यांचा स्वभाव कसा होता आणि पुढच्या राजकारणात त्या कोणाच्या बाजूने होत्या. पहिल्या दोन भागांवर लिहिते. तिसऱ्यावर भांडायला पुष्कळ जण आहेत.

स्वभाव एका प्रसंगात कळतो. एक मुलगी त्यांचे केस विंचरत होती. बाहेरून प्रेषितांचा (स.) आवाज आला, "लोकहो!" उम्मे सलमा तिला म्हणाल्या, बाजूला हो. मुलगी म्हणाली, त्यांनी पुरुषांना बोलावलंय, बायकांना नाही. यांचं उत्तर: "लोकांत मीही आलेच." सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, आहे हे.

हा प्रसंग मला घरात कोणी सांगितला नाही. तिशी उलटल्यावर स्वतः वाचला, आणि वाचल्यावर पहिल्यांदा आठवली ती आमच्या पडवीतली १९९८ सालची बैठक.

आमचं गाव रत्नागिरीकडचं. फुफीचा, म्हणजे आत्याचा, नवरा जहाजावर होता, तिकडेच वारला. फुफी चौतीस वर्षांची, पदरात तीन मुलं. इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर विधवेने पुन्हा लग्नाआधी थांबायचा काळ, संपून वर्ष झालं आणि खेडकडून एक स्थळ आलं. बायको वारलेली, शाळेत शिक्षक, एक लहान मुलगी. माणूस चांगला होता, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. तरी बैठक दोन तास चालली. पोरं कोणाकडे राहणार, घर कोणाच्या नावावर, गाव काय म्हणेल. मोठे चाचा, अब्बा आणि जमातीतले दोन बुजुर्ग पडवीत, फुफी माजघरात दाराआड. मी सतरा वर्षांची, कोकम सरबताचे पेले फिरवत होते. पेला ठेवता ठेवता तोंडातून गेलं, "फुफीला विचारलंत का?"

चाचा हसले. म्हणाले, "बायकांना विचारावं आणि त्याच्या उलट करावं. हदीस आहे." बुजुर्ग हसले. अब्बाही हसले, ते मला जास्त लागलं. स्थळ परत गेलं.

आता उम्मे सलमांकडे येते. मूळ नाव हिंद, मक्केच्या कुरैश टोळीतल्या मख्जूम घराण्यातल्या. प्रेषितांचा कट्टर विरोधक अबू जहल हा त्यांचा चुलतभाऊ आणि पुढे गाजलेले सेनापती खालिद बिन वलीदही चुलतभाऊच, म्हणजे घर केवढं तालेवार ते बघा. वडिलांना लोक 'मुसाफिरांची शिदोरी' म्हणत, कारण त्यांच्याबरोबर प्रवासाला निघालेल्याला स्वतःचं खाणं बांधून घ्यावं लागत नसे. अशा घरातली मुलगी नवऱ्याबरोबर, अबू सलमांबरोबर, अगदी सुरुवातीला मुसलमान झाली. छळ वाढला तेव्हा दोघं हबशा देशात, म्हणजे अॅबिसिनियात गेली आणि परतली.

मग मक्का सोडून मदीनेला निघण्याची वेळ आली. उंटावर ती आणि मांडीवर लहानगा सलमा, पुढे नवरा. माहेरच्यांनी वाट अडवली: तू जा कुठे जायचं तिथे, आमची मुलगी नेता येणार नाही. हे ऐकून सासरचे खवळले: मग पोरगं आमचं. दोन्हीकडून ओढाताण झाली, त्यात पोराचा हात निखळला. नवरा मदीनेला, मुलगा सासरी, ती माहेरी कैद. रोज सकाळी अब्तहच्या माळावर जाऊन बसायची आणि संध्याकाळपर्यंत रडायची. हे जवळजवळ वर्षभर चाललं. शेवटी माहेरच्याच एकाला दया आली आणि तिला सोडलं. सासरच्यांनी मुलगा परत दिला. ती एकटी, पोराला घेऊन, उंटावर निघाली. मक्केबाहेर तनईमला उस्मान बिन तल्हा भेटले, जे तोवर मुसलमानही नव्हते. त्यांनी तिला एकटीला जाऊ दिलं नाही, उंटाची दोरी धरून थेट मदीनेजवळच्या कुबापर्यंत चालत आणून सोडलं. मुक्काम आला की उंट बसवायचे, आपण दूर व्हायचे, ती उतरली की उंट झाडाला बांधून दुसऱ्या झाडाखाली जाऊन पडायचे. यांच्याहून सज्जन सोबती मी पाहिला नाही, असं त्या नंतर सांगत.

मक्केवाल्यांशी झालेल्या उहुदच्या लढाईत अबू सलमांना जखम झाली, ती पुढे चिघळली आणि हिजरी ४ मध्ये, म्हणजे इस्लामी सनाच्या चौथ्या वर्षी, ते गेले. नवऱ्याकडून ऐकलेली दुआ उम्मे सलमांनी म्हटली, या दुःखाच्या बदल्यात याहून चांगलं दे, आणि मनात म्हणाल्या, अबू सलमांहून चांगला कोण असणार?

इद्दत संपल्यावर प्रेषितांचं मागणं आलं. इथे आमच्या पडवीतल्या मंडळींनी कान द्यावा. मागणं थेट त्या बाईकडे आलं आणि तिने लगेच हो म्हटलं नाही. तीन अडचणी सांगितल्या: माझं वय झालंय, मी फार मत्सरी आहे, आणि मला मुलं आहेत. उत्तर आलं: वय माझंही झालंय, मत्सर जावा म्हणून अल्लाहकडे दुआ करीन, आणि तुझी मुलं ती माझी मुलं. झालं लग्न. पोरं कुठे जाणार, हा प्रश्न तिथे एका वाक्यात सुटला. आमच्याकडे दोन तासांत सुटला नाही.

आणि 'उलट करावं' याचं काय? हिजरी ६, इ.स. ६२८, मक्केजवळचं हुदैबिया. उमऱ्यासाठी, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेसाठी, निघालेले सुमारे चौदाशे लोक मक्केच्या उंबऱ्याशी अडवले गेले, तह झाला, आणि अटी ऐकून सगळ्यांचे चेहरे उतरले. प्रेषित म्हणाले, उठा, कुर्बानी करा, डोकी भादरा. कोणी उठलं नाही. तीनदा सांगितलं, तरी नाही. ते तंबूत आले आणि उम्मे सलमांना हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, बाहेर जा, कोणाशी एक शब्द बोलू नका, स्वतःच्या उंटाची कुर्बानी द्या आणि न्हाव्याला बोलावून डोकं करून घ्या. त्यांनी तेच केलं. ते बघून लोक उठले आणि एकमेकांची डोकी करू लागले, इतक्या घाईने की बुखारी या हदीससंग्रहात म्हटलंय, जीव जातो की काय असं वाटावं. मी वर्ग सांभाळणारी बाई आहे. रुसलेल्या चाळीस पोरांना बोलून काही होत नाही, आपण खडू उचलायचा असतो, हे मला ठाऊक आहे. पण चौदाशे माणसांचं मन तंबूत बसून ओळखणं ही वेगळीच अक्कल.

चाचांचं ते वाक्य हदीस नाहीच. हदीसच्या जाणकारांनी ते निराधार ठरवलंय आणि त्याविरुद्ध दाखला दिलाय तो नेमका हुदैबियाचा. गंमत अशी की उम्मे सलमांचं कौतुक करतानाही एका मोठ्या इमामांच्या नावावर वाक्य आहे की सल्ला देऊन बरोबर ठरलेली बाई ही एवढीच. त्यालाही नंतरच्यांनी आक्षेप घेतला: मग कुरआनातल्या गोष्टीत हजरत मूसांना कामावर ठेवा असं वडिलांना सांगणारी मुलगी कुठे गेली?

हे सगळं घेऊन मी एका ईदला चाचांकडे गेले. शीरखुर्मा खाता खाता सांगितलं. ते म्हणाले, "तू आता आलिमा, धर्माची पंडिता, झालीस का?" प्रेषितांचे जवळचे साथी हजरत उमर एकदा प्रेषितांच्या घरातल्या कुरबुरीत बायकांना समजवायला गेले होते. उम्मे सलमा त्यांच्या नात्यातल्या. त्या म्हणाल्या, नवल आहे, प्रत्येक गोष्टीत तुम्ही पडता, आता नवराबायकोच्या मध्येही पडणार? उमर स्वतः सांगतात की माझा राग तिथेच मोडला. चाचांचा मोडला नाही. उमर ते उमर.

तर ज्यांच्या घरी अशी बैठक बसणार असेल त्यांना सांगते: जिचं लग्न आहे तिला आधी पडवीत बोलवा. सरबत दुसऱ्या कोणीतरी आणावं.

आता राहिलेलं. पुरुषांचा उल्लेख होतो तसा आमचा का होत नाही, असं त्यांनी विचारल्यावर कुरआनातली ३३:३५ ही आयत आली असं सांगतात, ज्यात पुरुष आणि स्त्रिया दहा वेळा जोडीने येतात. काही नोंदींत हा प्रश्न दुसऱ्या बाईच्या नावावर आहे. त्यांच्याकडून पावणेचारशेच्या वर हदीसा आल्यात. प्रेषितांच्या पत्नींमध्ये सर्वांत शेवटी त्या गेल्या, साल कोणी ५९ म्हणतं, कोणी ६१-६२ हिजरी. राजकारणाचं इतकंच, की प्रेषितांच्या आणखी एक पत्नी हजरत आयेशांनी लढाईसाठी बसऱ्याला जाऊ नये असं त्यांचं मत होतं असं सांगितलं जातं. त्यांच्या नावाने फिरणाऱ्या लांबलचक पत्रांवर मी जाणार नाही. आणि चाचा वाईट नव्हते. फुफीच्या तिन्ही मुलांच्या फिया त्यांनीच भरल्या, न मागता. हेही लिहायला हवं.

फुफीने पुन्हा लग्न केलं नाही. शिवणकाम करून मुलं वाढवली. मागच्या मे महिन्यात गावी गेले तेव्हा तिला ही सगळी गोष्ट सांगितली. हुदैबियाचं तिला फारसं काही वाटलं नाही. तिने विचारलं, "आणि तिची पोरं?"

म्हटलं, चार होती. त्यातला उमर लहानपणी प्रेषितांच्या ताटात जेवायला बसायचा आणि हात ताटभर फिरवायचा. मग ते म्हणाले, बाळा, बिस्मिल्लाह म्हण, उजव्या हाताने खा, आपल्या समोरचं खा.

फुफी सुईत दोरा ओवत होती, ती थांबली. हे वाक्य तिने आम्हा सगळ्या पोरांना दस्तरख्वानावर बसवून शिकवलंय, मला धरून. "तो पोरगा तिचा होता?" म्हणाली. "पहिल्या नवऱ्याचा?"

हो म्हटलं. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग तिने दोरा पुन्हा ओवायला घेतला.