समुद्रकिनाऱ्यावरील रिसॉर्ट खरोखर पर्यावरणपूरक आहे, हे कसे ओळखावे?

रंगपंचमीनंतर इंदूरहून सहकुटुंब कोकणात जायचे आहे, जाहिरातींत जिकडेतिकडे ‘पर्यावरणपूरक’ असे लिहिलेले असते, तर त्यावर कितपत विश्वास ठेवावा, असे आपण विचारले आहे. मी इंदूरमध्येच सांडपाणी प्रक्रियेच्या यंत्रणांची देखभाल करण्यात नोकरीची बहुतेक वर्षे घालवली. त्यामुळे माझे उत्तर पाण्याकडे झुकेल, हे आधीच सांगून ठेवतो.

खोली आरक्षित करण्यापूर्वी पाणी कोठून येते आणि वापरलेले पाणी कोठे जाते, एवढे फोनवर अवश्य विचारावे. ‘टॉवेल पुन्हा वापरा’ या चिठ्ठीला मी फारसे महत्त्व देत नाही, कारण तिच्यामुळे मालकाचा धुलाईचा खर्चही वाचतो. आणि प्लास्टिकच्या स्ट्रॉवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे, तेव्हा कागदी स्ट्रॉ देण्यात विशेष पुण्य ते कसले?

नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून इंदूरपर्यंत चढवून आणावे लागते, म्हणून आपल्याला त्याची किंमत ठाऊक आहे. किनाऱ्यावरचे गोडे पाणी त्याहूनही नाजूक असते. ते जमिनीखाली जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि ढोबळ हिशेबाने समुद्रसपाटीच्या वर त्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा थर असतो. म्हणजेच बोअरच्या उपशाने ही पातळी अर्धा मीटर उतरली, तरी खारे पाणी कालांतराने वीस मीटर वर सरकू शकते आणि शेजारच्या वाडीतील विहीर मचूळ होते. म्हणून तरणतलाव आणि हिरवळ दोन्ही मिरवणाऱ्या ठिकाणी मी पावसाचे पाणी साठवण्याची टाकी आहे का, हे आधी पाहतो.

सांडपाण्याचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण कोकणातील जांभा सच्छिद्र असल्यामुळे शोषखड्ड्यातील घाण पाणी पुरेसे गाळले जाण्यापूर्वीच विहिरीपर्यंत पोहोचू शकते. एका रिसॉर्टच्या व्यवस्थापकांनी मला त्यांचा प्रक्रिया प्रकल्प मोठ्या अभिमानाने दाखवला होता. टाक्या नव्या, रंगही ताजा, परंतु हवा सोडणारा ब्लोअर बंद! विजेचे बिल फार येते, म्हणून पाहुणे कमी असले की तो बंद ठेवतात, असे ते म्हणाले. हवा मिळाली नाही, तर मैला खाणारे जिवाणू काही दिवसांतच निकामी होतात आणि पाणी काळे पडून त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येऊ लागतो. तेव्हापासून मी टाकीकडे पाहण्याआधी ब्लोअरची घरघर ऐकू येते का, इकडे कान लावतो.

कचऱ्याविषयी इंदूरकरांना वेगळे काय सांगावे? दर्शनी भागातील रंगीत डबे सोडून स्वयंपाकघराच्या मागे एक फेरी मारावी.

आपण मार्चमध्ये जात आहात, म्हणून आणखी एक गोष्ट सुचवतो. त्या सुमारास वेळासप्रमाणे काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले वाळूतून बाहेर येतात. ती उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे जातात आणि रिसॉर्टच्या प्रखर दिव्यांमुळे भलत्याच दिशेला भरकटतात. तेव्हा रात्री समुद्राकडील दिवे मालवता का, आणि खुर्च्या मांडण्यासाठी वाळूच्या टेकड्यांवरील वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल उपटली आहे का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.