शब्दशंका : पणन आणि पणाला लावणे

प्रश्न : गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे जाताना 'कृषी पणन मंडळ' ही पाटी वाचतो. पणन म्हणजे विक्रीच ना? 'प्राण पणाला लावणे' यातला पण तोच का?
– एक वाचक, बिबवेवाडी, पुणे

उत्तर : तोच. दोन्हींच्या मुळाशी संस्कृत 'पण्' धातू आहे. धातुपाठात त्याचा अर्थ 'व्यवहारे स्तुतौ च' असा दिला आहे. स्तुतीचा अर्थ मराठीत उतरला नाही, व्यवहाराचा उतरला. पण हा व्यवहार दुहेरी आहे. पाणिनीच्या २.३.५७ या सूत्रात 'व्यवहृ' आणि 'पण्' जोडीने येतात. दोन्ही एकाच अर्थाने वापरले, तर कर्माला षष्ठी लागते : 'शतस्य पणते'. म्हणजे शंभराची देवघेव करतो, किंवा शंभर डावावर लावतो. टीकाकार खरेदीविक्री आणि द्यूत असे दोन्ही अर्थ सांगतात. (व्यापाऱ्यांनी रागावू नये!) डावाचा अर्थ 'पणाला लावणे'त आणि सीतास्वयंवराच्या पणात राहिला. देवघेवीच्या अर्थाने पण्य म्हणजे विकाऊ माल, विपणी म्हणजे बाजार, आणि पण हे नाणेही. मनुस्मृतीत तांब्याच्या एक कर्ष वजनाच्या नाण्याला पण म्हटले आहे. कौटिल्य दंड सांगतो तेही पणांत.

आता विक्री का नको? कारण विक्री हा पणनातला एकच टप्पा. माल गोळा करणे, प्रतवारी, साठवण, वाहतूक, लिलाव, तोलाई, शेतकऱ्याच्या हातात हिशेबपट्टी पडणे, हे सगळे पणनात येते. बाजार समित्यांचा १९६३चा कायदाही 'कृषि उत्पन्न पणन' असेच म्हणतो. म्हणून 'कांद्याची दहा पोती पणन केली' हे कानाला खटकते. तिथे 'विकली'च हवे. 'पणणे' असे क्रियापद मराठीत रूढ नाही, 'पणनव्यवस्था' मात्र चालते. 'विपणन'ही त्याच धातूचे. कंपन्यांच्या मार्केटिंगसाठी तो शब्द अधिक वापरतात.

सारखे दिसणारे तीन शब्द मात्र या घरातले नाहीत. 'येईन, पण उशिरा' यातला पण 'पुनः'वरून आला, 'मोठेपण'मधला '-त्वन' प्रत्ययावरून, आणि 'आपण' 'आत्मन्'वरून. गंमत म्हणजे संस्कृतात 'आपण' म्हणजे दुकान, आणि ते मात्र 'पण्'चेच.