‘न्वार’ कादंबरीला मान कोणी मिळवून दिला?

प्रश्न : डॅशिएल हॅमेट, जेम्स केन, रेमंड चँडलर या अमेरिकन लेखकांच्या गुन्हेगारी कादंबऱ्या अमेरिकेत हलकी करमणूक समजल्या जात होत्या आणि फ्रेंचांनी त्यांना साहित्याचा दर्जा दिला, असे वाचनात आले. हे खरे आहे का?

उत्तर : अर्धेच खरे आहे. पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने १९४५ साली मार्सेल द्युआमेल यांच्या संपादनाखाली ‘सेरी न्वार’ (‘काळी माला’) ही गुन्हेगारी कादंबऱ्यांची माला सुरू केली आणि ‘न्वार’ हे नाव पुढे या साहित्यप्रकाराला चिकटले, हे खरेच. पण हॅमेटच्या कथा ‘ब्लॅक मास्क’सारख्या स्वस्त मासिकात येत असल्या, तरी १९२९ पासून त्याच्या कादंबऱ्या न्यूयॉर्कच्या क्नॉफ या प्रतिष्ठित प्रकाशनानेच काढल्या. केनची पहिली कादंबरी (१९३४) आणि चँडलरची पहिली कादंबरी (१९३९) याच प्रकाशनाची, हे सहसा कोणी सांगत नाही.

माझ्या मते हा मान त्यांच्या गद्याने कमावलेला आहे. ‘द माल्टीज फाल्कन’मधला (१९३०) एकच प्रसंग पाहा. रात्री अंधारात फोन वाजतो आणि आपल्याला फक्त स्पेड या खासगी गुप्तहेराचे, म्हणजे नायकाचे, तुटक बोलणे ऐकू येते. त्याचा भागीदार मारला गेला आहे. यानंतर दुःखाचा एक शब्दही न लिहिता हॅमेट स्पेडची बोटे सिगारेट कशी वळतात, तेवढेच बारकाईने दाखवतो. संपूर्ण कादंबरीत स्पेडच्या मनात काय चालले आहे, हे निवेदक एकदाही सांगत नाही, त्यामुळे तो प्रामाणिक आहे की लबाड, याचा निवाडा वाचकाला शेवटपर्यंत स्वतःच करावा लागतो. हॅमेटने पिंकर्टन या गुप्तहेर संस्थेत काही वर्षे नोकरी केली होती. जे दिसले तेवढेच नोंदवण्याची ही शिस्त तिथली असावी, असे मला नेहमी वाटते.

चँडलरची गोष्ट वेगळी, त्याची उपमांनी भरलेली शैली आज अनुकरणांमुळे गुळगुळीत झाली आहे. केनचे ऋण मात्र खुद्द आल्बेर काम्यू या फ्रेंच कादंबरीकाराने मान्य केले होते.

फ्रेंचांचे श्रेय खऱ्या अर्थाने दिसते ते जिम थॉम्पसन या अमेरिकन गुन्हेगारी कादंबरीकाराच्या बाबतीत. १९७७ साली तो वारला तेव्हा त्याचे एकही पुस्तक अमेरिकेत छापील उपलब्ध नव्हते, फ्रान्समध्ये मात्र त्याचा वाचकवर्ग टिकून होता. त्यानंतर वीस वर्षांनी, १९९७ साली, अमेरिकेतले अभिजात साहित्य छापणाऱ्या ‘लायब्ररी ऑफ अमेरिका’ने न्वार कादंबऱ्यांचे दोन खंड काढले आणि त्यांत केनच्या जोडीने थॉम्पसनलाही घेतले.