वाचकांचे प्रश्न : नातू ‘वासर’ मागतो तेव्हा

प्रश्न : मुलगा-सून पाच वर्षं म्युनिकला आहेत. नातू चार वर्षांचा. त्याला मराठी कळतं, पण पाळणाघरात जायला लागल्यापासून उत्तर जर्मनमध्येच येतं. फोनवर मी “मराठीत बोल ना रे” म्हटलं की पळूनच जातो. सून म्हणते, त्याला तिथलाच होऊ द्या. मग तो आमचा राहील का?
– एक आजी, जुळे सोलापूर

उत्तर : आजी, सूनबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. त्याचे मित्र, खेळ, शाळा सगळं तिथलं असणार. त्यात तो मनापासून मिसळला नाही तर एकटा पडेल. पण स्थलांतरितांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी दोन प्रश्न वेगळे ठेवतात : आपलं जपायचं का, आणि तिथल्यांत मिसळायचं का? दोन्हींना ‘हो’ म्हणता येतं, आणि तसं म्हणणारी माणसं साधारणपणे जास्त स्वस्थ असतात.

जर्मन आली म्हणून मराठी जात नाही. मूल जर्मनमध्ये उत्तर देतं, दमलेले आईबाबाही सोयीचं म्हणून जर्मनमध्येच पुढे बोलतात, आणि मराठीवाचून काही अडत नाही हे पोराला कळतं. मराठी सुटते ती तिथे. तो ‘वासर’ म्हणाला (जर्मनमध्ये पाणी), तर आईने “पाणी हवंय? हे घे पाणी” एवढंच म्हणावं. मराठीत मागेपर्यंत पाणी अडवून धरू नये. तसं केलं की मराठी म्हणजे शिक्षा वाटू लागते.

तुमच्या फोनचं : जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे तिथले साडेपाच किंवा साडेचार. दहा-पंधरा मिनिटं पुरेत, पण रोज. नुसत्या गप्पा नकोत, हाताला काम हवं. इकडे तुमची परात, तिकडे त्याच्यापुढे कुठल्याही पिठाचा गोळा. “भाकरी मोठी करू की छोटी?” असं विचारा. उत्तराचा शब्द प्रश्नातच असतो, त्यामुळे तो बिचकत नाही. “हे काय आहे, सांग” ही परीक्षा झाली. तो “मी गेली” म्हणाला तर “हो का, तू गेलास?” म्हणून पुढे चला. आणि त्याचं बोलणं शेजारणीला ऐकवून हसू नका, प्रेमाने सुद्धा नाही. मुलं गप्प होतात ती बहुतेकदा इथेच.

तो तुमचा राहील का? भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकावरून तुम्ही गेला असाल. मूळ सोलापूरचे हे डॉक्टर 1938 मध्ये चीनला गेले, चिनी शिकले, कुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं इनहुआ : ‘इन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. तरी सोलापूरने त्यांना परकं मानलं नाही.

प्रश्न : आम्ही पद्मशाली, पणजोबा मागावर काम करायला तेलंगणातून आले. घरात तेलुगू, शाळा मराठी. पुण्यात ऑफिसात म्हणतात “तू मराठी नाहीस”, आणि करीमनगरला लग्नात नातेवाईक माझ्या तेलुगूला हसतात. मी नक्की कोण?
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : आपण स्वतःला काय म्हणतो आणि लोक काय मानतात, यांत अंतर पडलं की बोचतं. त्यावर दर वेळी वाद घालू नका. “मी सोलापूरची, घरी आम्ही तेलुगू बोलतो” हे एकच वाक्य दोन्हीकडे सांगा. ते पूर्ण खरं आहे.

तुमच्या तेलुगूत मराठी शब्द मिसळलेत, ती बिघडलेली भाषा नव्हे. ती या गावात घडली. ती जपायची तर आजीला बोलतं करा. एका बैठकीत एकच विषय : माग, लग्नातला स्वयंपाक किंवा नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव. अर्ध्या तासाहून जास्त नको, ती दमते. प्रत्येक रेकॉर्डिंगला तारीख आणि बोलणाऱ्याचं मूळ गाव लिहा. तेलुगू लिपी येत नसेल तर शब्द देवनागरीत उतरवा, पण आवाज पुसू नका. तेलुगूत ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. आपल्या नेहमीच्या देवनागरीत तो फरक दिसत नाही.