जुनापाणीची शिळावर्तुळं: दफनभूमी की वेधशाळा?

नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं, म्हणजे मोठ्या दगडांची प्राचीन कडी, सूर्य पाहण्यासाठी रचली होती का, असा प्रश्न आहे. माझ्या मते ती मुळात दफनाची. दिशांचा विचार असलाच तर दुय्यम.

आधी जमिनीखाली काय निघतं ते पाहा. नागपूर परिसरातल्याच टाकळघाट-खापा आणि माहुरझरी इथल्या अशाच वर्तुळांत पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या उत्खननांत लोखंडी हत्यारं, काळी-तांबडी भांडी, मणी सापडले. माहुरझरीत तर घोडा पुरलेला, तोंडावरच्या तांब्याच्या साजासकट! कडेला मोठ्या शिळा, आत माती, मुरूम आणि गोट्यांचा भराव अशी साधारण रचना असते. म्हणजे शिळांचं कडं भराव वाहून जाऊ देत नाही. वर्तुळाला तेवढं कारणही पुरतं.

'मग या वर्तुळांत माणसाची हाडं इतकी कमी का निघतात?' ही शंका रास्त आहे. देह आधी दुसरीकडे ठेवून नंतर निवडक हाडं पुरली असतील. काही वर्तुळं नुसती स्मारकंही असू शकतात. शिवाय काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. त्यात हाडांचा चुरा होऊ शकतो.

आता सूर्य. जुनापाणीच्या काही शिळांवर कोरलेले खळगे आहेत आणि त्यांचा आकाशाशी संबंध जोडला जातो. तपासायचं तर होकायंत्र शिळेला टेकवू नका, बेसाल्टमुळे (काळ्या कातळामुळे) सुई फिरते. सपाट क्षितिजावर 21 जूनचा सूर्योदय नागपुरात उत्तरेपासून सुमारे 65 अंशांवर होतो, 22 डिसेंबरचा 115 वर. समोर टेकडी असेल तर क्षितिजाच्या दर अंश उंचीमागे उगवती दक्षिणेकडे साधारण 0.4 अंश सरकते.

खरी गफलत पुढे होते. 20 शिळांचं कडं धरा: मध्यापासून पाहिलं तर दर 18 अंशांवर एक शिळा. 3 अंश इकडे-तिकडे चालवून घेतले, तर कोणत्याही एका दिशेला शिळा जुळण्याची शक्यता एक तृतीयांश. चार मुख्य दिशा आणि अयनदिनांचे (वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांचे) चार उदय-अस्त मिळून आठ दिशा तपासल्यात, तर सरासरी दोन-तीन आपोआपच जुळतात. त्यात पडलेल्या, सरकवलेल्या शिळा वेगळ्याच. म्हणून एका वर्तुळावरून काहीच ठरत नाही. दिशा आधी ठरवा, मग 30-40 वर्तुळं मोजा. तीच दिशा पुन्हा पुन्हा आली तरच बोलण्यात अर्थ आहे.

इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाचा दाखला हमखास येतो. तिथे अक्ष अयनदिनांच्या सूर्याशी जुळतो हे खरं, पण जळीत मानवी हाडंही तिथेच निघाली आहेत.